पोरांना घेऊन नाताळच्या कुकीज: पीठ मळण्यापासून आयसिंग वाळेपर्यंत

नाताळच्या सुट्टीत मुलांबरोबर कुकीज करायच्या असतील, तर आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: हे काम एका दुपारी उरकायचं नाही. पीठ, लाटणं, कापणं, भाजणं, गार करणं, आयसिंग, सजावट असं सगळं एकाच दिवशी कोंबलं की तिसऱ्या तासाला मूल किरकिर करायला लागतं, आपलाही आवाज चढतो. मग सजावट, म्हणजे मूल ज्याच्यासाठी सकाळपासून ताटकळत बसलेलं असतं नेमकं तेच काम, घाईघाईत मोठ्यांच्या हातून होतं. तसं होऊ देऊ नका. तीन ते सात वर्षांचं मूल आवडीच्या कामात वीस-पंचवीस मिनिटं छान रमतं. कामाचे तेवढेच तुकडे पाडा. पहिल्या संध्याकाळी पीठ, दुसऱ्या दिवशी सकाळी कापणं आणि भाजणं, आणि त्या संध्याकाळी किंवा तिसऱ्या दिवशी सजावट.

दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. गॅस, ओव्हन आणि तापलेला ट्रे मोठ्यांचा. बाकी सगळं मुलांचं. 'बाकी सगळं' हे मी मनापासून म्हणते आहे. मुलाने कापलेली वाकडी चांदणी आपण गुपचूप सरळ केली तर ती त्याची राहत नाही, आणि ते त्याला लगेच कळतं.

साहित्य

पंचवीस ते तीस कुकीजसाठी 250 ग्रॅम मैदा, 150 ग्रॅम बटर, 100 ग्रॅम पिठीसाखर, एक छोटा चमचा व्हॅनिला इसेन्स आणि लागलंच तर एक-दोन मोठे चमचे दूध. बटर नेहमीचं खारं असेल तर वेगळं मीठ घालू नका. बिनमिठाचं असेल तर पाव छोटा चमचा घाला. वजनकाटा नसेल तर 240 मिलिलिटरचे दोन कप मैदा आणि पाऊण कपाहून थोडी जास्त पिठीसाखर घ्या. 100 ग्रॅमचं बटर दीड पाकीट लागेल. काटा असेल तर तो मात्र मुलाच्या हाती द्या. आकडा वाढत वाढत 250 वर येतो तेव्हा पाच-सहा वर्षांची मुलं श्वास रोखून बघतात.

यात अंडं नाही आणि बेकिंग पावडरही नाही. बेकिंग पावडरने कुकी फुगते, पसरते आणि चांदणीची टोकं बोथट होतात. मुलाला मात्र आपण कापलेला आकार ओव्हनमधून जसाच्या तसा परत हवा असतो.

'बटरऐवजी घरचं तूप चालेल का?' असं सगळ्याजणी विचारतात. चव उत्तम लागेल, पण पोळी लाटता येणार नाही. बटरमध्ये थोडं पाणी असतं आणि त्यानेच पीठ जरा धरून राहतं. तुपात पाणी नसतं, म्हणून तुपाचं पीठ लाटताना भेगाळतं. नानकटाई आपण लाटत नाही, तळहातावर वळतो, त्याचं कारण हेच आहे. मूल दोन-अडीच वर्षांचं असेल तर खुशाल तुपाची नानकटाईच करा: गोळा वळायचा, अंगठ्याने दाबायचा, वर पिस्त्याचा काप. एवढ्या लहान हातांना ते जास्त जमतं. पूर्वी दिवाळीत मैदा, तूप, साखर डब्यांत भरून बेकरीत द्यायची आणि भाजलेली नानकटाई पत्र्याच्या डब्यातून घरी आणायची, ही पद्धत कितीतरी घरांत होती. त्यामुळे हे काम आपल्याला वाटतं तितकं परकं नाही.

मैद्यातला 50 ग्रॅम भाग कणकेने बदलला तर चालतं. त्याहून जास्त कणीक घातली की कुकी भुसभुशीत होते आणि आयसिंग करताना हातातच मोडते. व्हॅनिला नको असेल तर अर्धा छोटा चमचा वेलचीपूड घाला. जायफळ किसलंत तर चिमूटभरच.

पहिली संध्याकाळ: पीठ

बटर बाहेर काढून ठेवा. बोटाने दाबलं की खळगा पडावा, पण बोट तेलकट चकाकू नये, इतकं मऊ हवं. डिसेंबरात नाशिक-पुण्याकडच्या स्वयंपाकघरात याला दीड-दोन तास लागू शकतात. मुंबईत, कोकणात अर्धा तास पुरतो. मायक्रोवेव्हमध्ये वितळवू नका. वितळलेल्या बटरचं पीठ चिकटतं आणि भाजताना पसरतं.

बैठक जमिनीवर मांडा. ओट्याजवळ स्टुलावर उभं केलेलं मूल सतत सांभाळावं लागतं. वर्तमानपत्र पसरून, मध्ये परात ठेवून सगळे मांडी घालून बसले की पडायची भीती नाही आणि परात प्रत्येकाच्या हाताशी येते. मैदा चाळायचं काम सगळ्यात धाकट्याकडे द्या. चाळणी हलवली की पांढरा ढीग वाढत जातो, ह्यात दोन-तीन वर्षांचं मूल पूर्ण गुंगून जातं. थोडा मैदा सांडेलच. त्यासाठीच वर्तमानपत्र आहे.

बटर आणि पिठीसाखर लाकडी डावाने तीन-चार मिनिटं फेटा. मिश्रणाचा रंग फिका झाला की व्हॅनिला घाला आणि मग मैदा दोन वेळा विभागून. आता हाताने एकत्र करायचं, पण पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही. जास्त मळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि कुकी खुसखुशीत होत नाही. मुलांना 'मळू नका' सांगून समजत नाही. 'चुरा गोळा करा आणि दाबा' म्हटलं की बरोबर समजतं. गोळा होत नसेल तर दूध एकेक चमचा करून घाला.

तरीही मुलाला मळायचं असतंच, आणि ते साहजिक आहे. म्हणून प्रत्येकाला लिंबाएवढा गोळा वेगळा काढून द्या. तो त्याने हवा तितका मळावा, साप करावा, पोळी करावी. दुसऱ्या दिवशी तोही भाजायचा. टणक होईल, रंगही जरा मळकट असेल, पण ती कुकी सगळ्यात आधी खाल्ली जाते.

इथे एक इशारा महत्त्वाचा आहे. कच्चं पीठ तोंडात जाऊ देऊ नका. अंडं नाही म्हणजे धोका नाही, असा अनेकांचा समज असतो, पण मैदा स्वतःच कच्चा असतो, त्यात जंतू असू शकतात, आणि ते भाजल्यावरच मरतात. अमेरिकेत 2016 साली कच्च्या मैद्यातल्या ई-कोलाय जंतूंमुळे लोक आजारी पडले होते आणि बाजारातून मोठ्या प्रमाणावर मैदा परत मागवावा लागला होता. नुसतं 'खाऊ नकोस' म्हणून बोट चाटायचं थांबत नाही. शेजारी वाटीत मनुका किंवा फुटाणे ठेवा, म्हणजे तोंडाला काहीतरी काम राहतं. पाच वर्षांखालच्या मुलाला फुटाणे देऊ नका, मनुका चिरून द्या. काम संपल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे.

पिठाचे दोन चपटे गोळे करून झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. रात्रभर राहिले तरी चांगलंच.

दुसरी सकाळ: लाटणं आणि कापणं

पीठ वीस मिनिटं आधी बाहेर काढा. दुधाची पिशवी कापून, स्वच्छ धुऊन, पुसून घ्या. थालीपीठ थापायला वापरतो तशीच. प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये गोळा ठेवून लाटलं की पोलपाटाला चिकटत नाही आणि वरून मैदा भुरभुरवावा लागत नाही.

मुलांच्या हातून पोळी सारख्या जाडीची व्हावी यासाठी एक सोपी युक्ती आहे. गोळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक न तासलेली पेन्सिल आडवी ठेवा आणि लाटण्याची दोन टोकं त्या पेन्सिलींवरून फिरू द्या. लाटणं पेन्सिलीच्या खाली जाऊच शकत नाही, त्यामुळे पोळी साधारण सात मिलिमीटरची होते. दुकानातल्या कुकीपेक्षा ही जाड आहे आणि मुद्दाम तशी ठेवायची. पातळ कुकी कडेने करपते आणि आयसिंगच्या वेळी लहान बोटांच्या दाबाने मोडते.

साचे क्रॉफर्ड मार्केटमध्ये, पुण्याच्या कॅम्पात किंवा बेकिंगचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतात. चांदणी, घंटा, झाड, हृदय असे भरीव आकार घ्या. हरणाचे पाय आणि शिंगं हमखास तुटतात आणि मग रडारड होते. साचे आणायलाच हवेत असंही नाही. वाटीच्या कडेने गोल पडतो, त्याच वाटीने शेजारी परत दाबलं की चंद्रकोर. करंजीची फिरकी दिलीत तर पाच वर्षांचं मूल तासभर नागमोडी त्रिकोण कापत बसेल. ती झाली नाताळची झाडं.

साचा हातात आला की मूल तो बरोब्बर पोळीच्या मध्यभागी ठेवतं. प्रत्येक मूल. 'कडेने घे, कडेने घे' असं दहा वेळा सांगण्यापेक्षा पोळीच लहान लाटा, मोठ्या पुरीएवढी, जिच्यात दोनच आकार बसतील. उरलेलं पीठ गोळा करून पुन्हा लाटायचं. दोनदा लाटलं तरी काही बिघडत नाही. पीठ मऊ पडून आकार उचलताना लांबायला लागले तर ताटासकट दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. मुंबईत हे करावंच लागेल.

एकाहून जास्त मुलं असतील तर कापलेल्या प्रत्येक कुकीच्या कडेला टूथपिकने त्या त्या मुलाचं आद्याक्षर कोरा. भाजल्यावर 'ही माझी' वरून होणारी भांडणं निम्म्याने कमी होतात. कुकी झाडाला टांगायची असेल तर भाजण्याआधीच स्ट्रॉने भोक पाडा, कडेपासून बोटभर आत आणि वाटतं त्यापेक्षा थोडं मोठं, कारण भाजताना ते आवळतं.

भाजणं

ओव्हन 170 अंशांवर, वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चालू ठेवून, दहा मिनिटं आधी तापवा. पंखा चालणारा असेल तर 160 पुरे. ट्रेवर बटर पेपर घाला, दोन कुकीजमध्ये बोटभर अंतर ठेवा. मधल्या खणात 12 ते 15 मिनिटं. कडा हलक्या बदामी दिसल्या, की मधला भाग फिका आणि मऊ वाटला तरी ट्रे बाहेर काढा. इथे बहुतेक नवखी माणसं कडक व्हायची वाट बघतात आणि कुकी करपते. कुकी ओव्हनमध्ये कडक होत नाही, गार होताना होते. ट्रेमध्येच पाच मिनिटं राहू द्या, मग जाळीवर काढा.

आधीच्या घाण्याचा ट्रे गरम असताना त्यावर पुढच्या कुकीज मांडू नका. ओव्हनमध्ये जायच्या आतच बटर वितळतं.

ओव्हनसमोर जमिनीवर खडूने एक ठळक रेघ ओढा आणि सांगा, ट्रे आत किंवा बाहेर जाईल तेव्हा सगळे रेघेच्या मागे. काचेतून आत काय चाललंय ते बघणं हा मुलांचा हक्कच आहे, पण रेघेपलीकडून. शब्दांत सांगितलेलं अंतर लहान मुलाला कळत नाही, आखलेलं कळतं.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची मोठी कढई घ्या. तळाशी वाटीभर मीठ पसरा, वर जाळीचं स्टँड, झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग तूप लावलेल्या ॲल्युमिनियमच्या ताटलीत चार-पाच कुकीज ठेवून मंद आचेवर 18 ते 22 मिनिटं. कढईत वरून उष्णता मिळत नाही, त्यामुळे कुकी वरून पांढरीच राहते. एक उचलून खालचा रंग बघा. वरून आयसिंग येणारच आहे, त्यामुळे त्या फिकेपणाची चिंता नको.

आणि भाजायची सोयच नसेल तर वसईत, गोव्यात नाताळला होणारे कुलकुल करा. मैदा, थोडा रवा, साखर आणि नारळाचं दूध यांच्या घट्ट पिठाची सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळायची, की रेघारेघांचा शंख होतो. गोव्यातल्या घरांत हे वळायला लहानमोठे सगळे एकत्र बसतात. तळण मात्र पूर्णपणे मोठ्यांनी सांभाळायचं, मुलं दुसऱ्या खोलीत असताना.

सजावट

कुकीज पूर्ण गार हव्यात, निदान एक तास. कोमट कुकीवर आयसिंग वितळून खाली ओघळतं. रात्रभर डब्यात राहिल्या असतील तर उत्तमच.

फेटलेल्या कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याचं आयसिंग लहान मुलांसाठी करू नका. साधं दुधाचं करा: 120 ग्रॅम बारीक चाळलेली पिठीसाखर, चार ते पाच छोटे चमचे दूध, लिंबाच्या रसाचे काही थेंब. दूध थेंबाथेंबाने वाढवा. चमचा उचलल्यावर पडलेली धार वाटीत पाच-सहा सेकंद दिसावी आणि मग सपाट व्हावी, ही योग्य वेळ. लगेच सपाट झाली तर पातळ आहे, साखर घाला. तशीच उभी राहिली तर अर्धा चमचा दूध. घरी मिक्सरवर केलेली पिठीसाखर कितीही चाळली तरी किंचित रवाळ राहते, त्यामुळे आयसिंगसाठी विकतची बारीक आणलेली बरी.

रंग तीन पुरेत. किसलेल्या बिटाचा पिळून काढलेला रस दुधाऐवजी वापरला की सुरेख गुलाबी रंग येतो. आयसिंग भाजायचं नसल्यामुळे तो टिकतो. दुधात खललेलं केशर पिवळ्यासाठी. हळद वापरलीत तर सुईच्या टोकाएवढी, नाहीतर वास येतो. हिरवा आणि लाल गडद हवा असेल तर बाजारातला खाण्याचा जेल रंग टूथपिकच्या टोकाने घ्या. बाटलीवर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आहे ना, ते बघा. पातळ रंगाने आयसिंग सैल पडतं.

आयसिंग भरायला जाड प्लॅस्टिकचा मेंदीच्या कोनासारखा कोन करा, वरचं तोंड रबराने घट्ट बांधा आणि टोक अगदी जरासं कापा. कोन निम्माच भरा. गच्च भरलेला कोन मुलाच्या मुठीत वरून फुटतो. चार वर्षांखालच्या मुलांना कोन न देता छोटा चमचा द्या. त्यांनी मध्ये आयसिंग टाकावं आणि चमच्याच्या पाठीने पसरवावं.

वर टाकायला घरातच किती गोष्टी असतात! रंगीत बडीशेप, टुटीफ्रुटी, सुक्या खोबऱ्याचा कीस, पिस्त्याचे काप, तीळ, चॉकलेटचा कीस. खोबऱ्याचा कीस झाडावर भुरभुरवला की बर्फ होतो. अख्खे बदाम, अख्खे शेंगदाणे पाच वर्षांखालच्या मुलांसमोर ठेवूच नका, घशात अडकू शकतात. चांदीच्या कडक गोळ्या आणि गोल चॉकलेटच्या गोळ्याही धाकट्यांपासून दूर. शेजारची मुलं येणार असतील तर कुणाला दूध, सुकामेवा किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे त्यांच्या घरी आधी विचारा.

प्रत्येक मुलाला स्वतःचं कडा असलेलं ताट द्या, आणि सगळं वर टाकायचं सामान छोट्या वाट्यांमध्ये एकेक चमचा. डबा समोर ठेवला तर तो एकाच कुकीवर रिकामा होतो. माझ्या भाचीचा चार वर्षांचा मुलगा पहिल्या चांदणीवर अख्खी वाटी बडीशेप ओततो, तळहाताने दाबतो, ताट हलवून जास्तीची खाली पाडतो, आणि खाली पडलेली एकेक वेचून परत लावतो. तोवर मोठ्या मुलांच्या चार कुकीज होतात. त्याला घाई करायची नाही. त्याचं ते वेचणंच त्याची सजावट आहे, आणि सबंध सुट्टीत तो इतका शांत दुसऱ्या कुठल्या कामात बसत नाही.

क्रम फक्त एक पाळायला सांगा: आयसिंग लावलं की लगेच बडीशेप टाकायची, मग पुढची कुकी. आयसिंगवर दोन-तीन मिनिटांत पापुद्रा धरतो आणि त्यानंतर काही चिकटत नाही. मूल मध्येच उठून खेळायला गेलं तर जाऊ द्या. कोनाच्या टोकात टूथपिक खोचून ठेवा, परत आल्यावर चालू होईल. वाट्यांतल्या आयसिंगवर ओलं फडकं झाकलं की ते सुकत नाही.

तुम्हाला जे नीटनेटकं करायचं असेल, ते स्वतःच्या वेगळ्या ताटात करा. मूल बघतं, आवडलं तर उचलतं. त्याच्या ताटातल्या कुकीला हात लावू नका, निळ्या झाडालाही नाही.

वाळवणं आणि डबा भरणं

आयसिंग वाळायला पंख्याखाली सहा तास लागतात, कोकणपट्टीच्या दमट हवेत रात्रभर. फ्रीजमध्ये ठेवू नका; बाहेर काढल्यावर पाणी सुटतं आणि रंग एकमेकांत उतरतात. मुंग्यांचा बंदोबस्त करावाच लागेल. परातीत बोटभर पाणी घाला, मध्ये एक जड वाटी उपडी ठेवा आणि तिच्यावर कुकीजचं ताट. ताटाची कड परातीला टेकली तर मुंग्यांना पूल मिळतो, तेवढं बघा.

बोट लावून आयसिंग कोरडं लागलं की हवाबंद डब्यात भरा, दोन थरांमध्ये बटर पेपर. साध्या कुकीज दहा-बारा दिवस, आयसिंग केलेल्या आठवडाभर छान राहतात. गोव्यात नाताळचं फराळाचं ताट शेजारीपाजारी फिरतं, आपल्या दिवाळीच्या ताटासारखंच. मुलांच्या हातूनच ताट पाठवा आणि कुणाची कुकी कुणाला द्यायची, हे त्यांना ठरवू द्या. शाळेत न्यायच्या असतील तर वर्गशिक्षकांना आधी विचारा, कारण सुकामेवा किंवा घरचा खाऊ न चालणाऱ्या शाळा बऱ्याच आहेत. चालत असेल तर सपाट डब्यात एकच थर भरा आणि डबा दप्तरात न कोंबता हातात द्या.